अँटी-स्पायवेअर खरं की तोतया? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकात हेरगिरी करणारं काही शिरलंय का हे पाहायला आणलेला प्रोग्रॅमच उपद्रवी निघतो, हा प्रकार गेली वीसेक वर्षं चालू आहे. खालची उत्तरं मुख्यतः विंडोज धरून दिली आहेत. मॅक आणि मोबाइलची गोष्ट जिथे वेगळी आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

तोतया प्रोग्रॅम म्हणायचं तरी कशाला?

कुंपणच शेत खाऊ लागलं की त्याला जे म्हणतात, तेच. सगळ्यात उघड प्रकार म्हणजे आत तपासणीची यंत्रणाच नसलेला प्रोग्रॅम. पडद्यावर पट्टी सरकते, भीतीदायक नावांची यादी उमटते आणि शेवटी ‘काढून टाकण्यासाठी पूर्ण आवृत्ती विकत घ्या’ असं बटण येतं. यादीतल्या फायली तुमच्या संगणकात असतातच असं नाही. २००५ च्या सुमारास पसरलेला स्पायशेरिफ याच्या पुढे गेला होता. तो न विचारता आत यायचा, डेस्कटॉपचं चित्र बदलून तिथे इशारा लावायचा आणि काढायला गेलं तर हटायचा नाही.

पण खरी डोकेदुखी आहे ती मधल्या पट्ट्यातल्या प्रोग्रॅमची. यांच्यात थोडीफार तपासणी खरोखर होते, कंपनी कायदेशीर असते, बिलही मिळतं. फक्त सापडलेल्या गोष्टी फुगवून सांगितल्या जातात. पूर्ण बनावट माल ओळखायला सोपा असतो, अर्धवट खरा ओळखायला वेळ लागतो. म्हणून या पानावर ‘अमुक वाईट, तमुक चांगला’ अशी यादी दिलेली नाही.

एवढा खटाटोप करून कोणाला काय मिळतं?

भरपूर पैसे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था) डिसेंबर २००८ मध्ये इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीविरुद्ध आणि तिच्याशी संबंधित इतरांविरुद्ध कारवाई केली. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांनी दहा लाखांहून जास्त लोकांना खोट्या तपासण्या दाखवून माल विकल्याचा आरोप होता. २०१२ मध्ये न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला.

या प्रकरणातली मला सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी वाटणारी गोष्ट रकमेची नाही. या मंडळींनी जाहिरात कंपन्यांना आपण नामवंत संस्थांच्या जाहिराती लावतोय असं भासवलं आणि त्या जाहिरातींत लपवलेल्या कोडमधून लोकांना खोट्या स्कॅनकडे वळवलं. म्हणजे माणूस प्रतिष्ठित संकेतस्थळावर बातमी वाचत असायचा आणि तिथून उचलला जायचा. ‘मी भलत्यासलत्या साइटवर जात नाही, मला काय होणार’ या समजुतीत त्यामुळे फारसा दम नाही.

पडद्यावर अचानक ‘तुमचा संगणक बाधित आहे’ असं आलं. खरं कसं मानायचं?

आधी इशारा कुठून आला ते बघा. तो ब्राउझरच्या खिडकीत दिसत असेल तर खोटाच समजा. वेबपेजला तुमच्या डिस्कवरच्या फायली परस्पर चाळता येत नाहीत. त्यामुळे पान उघडल्याउघडल्या सुरू होणारं ‘स्कॅन’ हे नुसतं चलच्चित्र असतं. पूर्वी तर मॅक वापरणाऱ्यांनाही विंडोज एक्सपीची खिडकी आणि तिच्यात सापडलेले व्हायरस दिसायचे, इतकी निष्काळजी नक्कल होती. आता नक्कल सफाईदार झाली आहे, ब्राउझर ओळखून त्याप्रमाणे सोंग बदलतं.

इशाऱ्यात फोन नंबर असेल तर मग विचारही करायला नको. आपल्या त्रुटी-संदेशांत फोन नंबर कधीच नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः स्पष्ट केलेलं आहे. उलटी मोजणी करणारं घड्याळ, कर्कश आवाज, ‘संगणक बंद करू नका’ ही धमकी, सगळं त्याच पठडीतलं.

पण माझा ब्राउझर बंद असतानाही कोपऱ्यात इशारे येतात.

बहुतेक वेळा ही ब्राउझरची नोटिफिकेशन असतात. कुठल्याशा साइटने ‘मी यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’ असं सांगितलेलं असतं आणि आपण ते दाबलेलं असतं. तेव्हापासून ती साइट नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह लावून ‘सदस्यत्व संपलं’, ‘पाच व्हायरस सापडले’ असले संदेश पाठवत राहते. ब्राउझरची खिडकी मिटलेली असली तरी तो पार्श्वभूमीला चालू राहू शकतो, म्हणून हे विंडोजचेच संदेश वाटतात. नीट पाहिलं तर संदेशाच्या कडेला बारीक अक्षरांत साइटचा पत्ता असतो.

उपाय सोपा आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइटच्या परवानग्यांत जाऊन नोटिफिकेशनची यादी उघडा आणि अनोळखी पत्ते काढून टाका. यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. एखादं क्लीनर डाउनलोड करावंसं वाटत असेल तर थांबा, त्यासाठीच हे सगळं मांडलेलं असतं.

ती खिडकी पूर्ण पडदा व्यापून बसते, बंदच होत नाही. काय करू?

तिच्यातलं कुठलंही बटण दाबू नका, ‘रद्द करा’ किंवा फुलीसुद्धा नाही, कारण ती चित्रातली असू शकते. एस्केप थोडा वेळ दाबून धरा. नाहीच सुटलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. मॅकवर कमांड, ऑप्शन, एस्केप. पुन्हा सुरू करताना ‘आधीची पानं परत उघडू का’ असं विचारलं तर नाही म्हणा.

मी स्वतः बसवलेला प्रोग्रॅम तीनशे धोके दाखवतोय. एवढे असू शकतात?

तीनशे नोंदी असू शकतात. तीनशे धोके असणं अवघड. अनेक प्रोग्रॅम ट्रॅकिंग कुकीज (तुम्ही कुठे फिरता ते कळावं म्हणून साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी), तात्पुरत्या फायली, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या) जुन्या नोंदी हे सगळं एकाच लाल आकड्यात मोजतात. कुकी खासगीपणाच्या दृष्टीने नकोशी असेल, पण ती चालणारा प्रोग्रॅम नाही आणि ती ब्राउझरमधून फुकट पुसता येते.

म्हणून आकडा सोडा आणि तपशील मागा. चांगला प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीसोबत फाइलचं नाव, तिचा पूर्ण मार्ग आणि धोक्याचं विशिष्ट नाव देतो. ते नाव शोधून पाहता येतं, फाइल खरोखर त्या फोल्डरमध्ये आहे का हेही बघता येतं. तोतया प्रोग्रॅम ‘गंभीर’, ‘अतिगंभीर’ असं म्हणतो आणि पुढचं पैसे भरल्यावर सांगतो.

दुकानातल्या माणसाने तपासून दिलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. अमेरिकेतल्या ऑफिस डेपो या मोठ्या दुकान-साखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा प्रोग्रॅम चालवला जायचा. तपासणीच्या सुरुवातीला संगणक मंद आहे का, पॉप-अप येतात का, अशा चार प्रश्नांपुढे खुणा करायच्या असत. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे एका चौकोनात जरी खूण केली, तरी स्कॅनच्या शेवटी ‘मालवेअरची (म्हणजे घातक प्रोग्रॅमची) लक्षणं आढळली’ असा निकाल यायचा, आत काहीही असो. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटवलं.

मग नवा प्रोग्रॅम घेताना भरवसा कशावर ठेवायचा?

प्रोग्रॅम स्वतःबद्दल जे सांगतो ते पुरावा म्हणून धरू नका. पुरावा बाहेरचा हवा. तो चार-दोन ठिकाणी मिळतो.

पहिलं ठिकाण स्वतंत्र चाचणी संस्थांचं. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि ब्रिटनमधली एसई लॅब्स या नियमित चाचण्या घेतात आणि निकाल उघड ठेवतात. विक्रेत्याच्या पानावर त्यांचं पदक दिसलं एवढ्यावर थांबू नका, चित्र कोणीही चिकटवू शकतो. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन त्या प्रोग्रॅमचं नाव आणि वर्ष तपासा. शिवाय निकालात फक्त ‘किती पकडले’ हे बघू नका. निरपराध फायलींवर किती वेळा बोट ठेवलं, हा रकाना मला जास्त बोलका वाटतो, कारण सगळ्यालाच व्हायरस म्हणणारा प्रोग्रॅम शंभर टक्के पकडणारच.

या संस्थांच्या निकालांत नाव नाही म्हणून प्रोग्रॅम खोटा ठरत नाही, हेही खरं. ठरावीक कामापुरती छोटी साधनं या चाचण्यांत उतरत नाहीत. अशा वेळी ते साधन कोणी बनवलं, त्या माणसांचं किंवा संस्थेचं सुरक्षेच्या क्षेत्रात आधीचं काम काय, हे पाहावं लागतं.

मग येते डिजिटल सही. डाउनलोड केलेल्या फाइलवर उजवं क्लिक करून गुणधर्मांत गेलं की सह्यांचा टॅब दिसतो. तिथे कंपनीचं नाव असावं आणि ते जाहिरातीतल्या नावाशी जुळावं. सही नसणं हे वाईट चिन्ह आहे. सही असणं मात्र पुरेसं नाही, प्रमाणपत्रं चोरीला जातात आणि फसवे लोक कंपन्याही नोंदवतात.

आणि एक गोष्ट लोक सहसा शेवटी पाहतात, ती आधी पाहा: प्रोग्रॅम काढून कसा टाकायचा, आणि वर्गणी आपोआप नव्याने कापली जाते का. कंपनीच्या पानावर हे सरळ शब्दांत लिहिलेलं नसेल तर पुढे जाऊ नका.

नाव ओळखीचं वाटतं, लोगोही तसाच आहे. चालेल ना?

नाव ओळखीचं वाटावं हाच बेत असतो. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या डिसेंबरमध्ये जायंट ही कंपनी घेतली, पुढच्या महिन्यात ‘मायक्रोसॉफ्ट अँटीस्पायवेअर’ची चाचणी आवृत्ती दिली आणि नंतर त्याचंच विंडोज डिफेंडर झालं. पुढे ‘एमएस अँटीस्पायवेअर २००९’ नावाचा एक तोतया फिरू लागला, त्याचा मायक्रोसॉफ्टशी काही संबंध नव्हता. २०११ मध्ये मॅकवर ‘मॅक डिफेंडर’ आला, तोही बनावट.

अलीकडे तर नाव तेच, चिन्ह तेच आणि फक्त पत्ता वेगळा, असा प्रकार चालतो. २०२४ मध्ये अव्हास्ट, बिटडिफेंडर आणि मालवेअरबाइट्स यांच्या हुबेहूब नकली साइट सापडल्या होत्या, तिथून डाउनलोड केलं की मालवेअरच मिळायचं.

मग शोधून पहिला येणारा दुवा उघडायचा की नाही?

पहिला दुवा पुष्कळदा जाहिरात असतो आणि जाहिरातीची जागा पैसे देऊन मिळते. कंपनीचा पत्ता माहीत असेल तर तो स्वतः टाइप करा. नसेल तर चाचणी संस्थेच्या पानावरून तिथे जा.

‘अमुक व्हायरस कसा काढावा’ अशा शीर्षकाच्या लेखांपासूनही जरा जपून राहा. दहा पायऱ्यांचा क्लिष्ट उपाय आणि मध्येच ‘किंवा हे साधन डाउनलोड करा’ असं हिरवं बटण दिसलं, तर लेख त्या बटणासाठी लिहिलेला असतो. प्रत्येक विक्रीमागे लेखकाला कमिशन मिळतं. कमिशन घेणारं परीक्षण खोटंच असतं असं नाही, पण ज्या परीक्षणात एकाही प्रोग्रॅमचा दोष दिसत नाही ते मी वाचत नाही.

व्हायरसटोटलवर फाइल टाकून पाहिली, दोन इंजिनांनी नापास केली. आता?

व्हायरसटोटल २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालं आणि २०१२ पासून गूगलकडे आहे. ही साइट एक फाइल अनेक इंजिनांकडून, म्हणजे वेगवेगळ्या अँटिव्हायरसच्या तपासणी-यंत्रणांकडून, तपासून देते, त्यामुळे फार उपयोगी. सत्तरच्या आसपास इंजिनांपैकी एखाद-दोन अनोळखी इंजिनांनी लाल झेंडा दाखवला तर ती चूक असू शकते. वेगवेगळ्या नामांकित इंजिनांनी एकमताने नाव घेतलं तर फाइल चालवू नका. उलट बाजूने, अगदी ताज्या फाइलवर सगळे हिरवे असले तरी त्याचा अर्थ ‘अजून कोणाला कळलेलं नाही’ एवढाच असू शकतो.

इथे खासगी कागदपत्रं मात्र टाकू नका. टाकलेल्या फायली सुरक्षा क्षेत्रातल्या इतरांना मिळू शकतात.

प्रोग्रॅम खरंच काम करतोय का, हे घरच्या घरी तपासता येतं?

काही अंशी. आयकार नावाची एक चाचणी-फाइल आहे, ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी. तिला व्हायरस म्हणून पकडायचं असं अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत ठरवलेलं आहे. ती सेव्ह करताच प्रोग्रॅम ओरडला तर निदान पहारा चालू आहे. या चाचणीत पास होणं म्हणजे फार काही नव्हे, ही एक फाइल ओळखायला कोणीही शिकवू शकतो. सतत पहाऱ्याचा दावा करणारा अँटिव्हायरस नापास झाला, तर मात्र चौकशी करायलाच हवी.

फुकटातला घ्यावा की विकतचा?

विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो आणि सर्वसाधारण वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे. विकतच्या प्रोग्रॅममध्ये जादा सोयी असतात. त्या तुम्हाला लागतात का, ते बघा.

फुकटात देणारा कमाई कुठून करतो हा प्रश्न मात्र विचारावा. अव्हास्ट ही खरी, जुनी, चाचण्यांत चांगले गुण घेणारी कंपनी. तरी वापरकर्ते कुठल्या साइटवर जातात याची माहिती तिच्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली गेली, म्हणून २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. हेरगिरीपासून वाचवणाऱ्या उत्पादनातूनच ती माहिती गोळा होत होती. व्हायरस पकडण्यात प्रामाणिक असलेली कंपनी तुमच्या माहितीबाबतही प्रामाणिक असेल, असं गृहीत धरू नका.

दोन-तीन एकदम बसवले तर जास्त सुरक्षा?

नाही. सतत पहारा देणारा एकच ठेवा, नाहीतर ते एकमेकांच्या पायांत येतात. हवं तेव्हा चालवायचा दुसरा स्कॅनर जोडीला असला तर हरकत नाही.

मोबाइलसाठी कुठला घेऊ?

अँड्रॉइडवर हे क्षेत्र फारच गढूळ आहे. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जने २०१९ मध्ये प्ले स्टोअरवरची २५० सुरक्षा ॲप तपासली, त्यांतल्या फक्त ८० ॲपनी तीस टक्क्यांहून जास्त घातक ॲप पकडली. काही ॲप तपासणी करतच नव्हती. त्यांच्याकडे ओळखीच्या ॲपच्या नावांची एक यादी होती आणि यादीबाहेरचं सगळं धोकादायक ठरवलं जायचं. गंमत अशी की त्यांतल्या काहींनी स्वतःचं नाव यादीत घालायचं राहून गेलं होतं, त्यामुळे ती स्वतःलाच घातक ठरवत होती. २०१४ मधलं ‘व्हायरस शील्ड’ तर विकत घ्यावं लागायचं. बोट लावलं की फुलीच्या जागी बरोबरची खूण दिसायची, बाकी ते काही करत नव्हतं. तरी त्याला भरभरून तारे मिळाले होते, यावरून ताऱ्यांची किंमत कळावी.

ॲप फक्त अधिकृत स्टोअरमधून घ्यायची, प्ले प्रोटेक्ट (अँड्रॉइडमधली गूगलची ॲप-तपासणी) चालू ठेवायचं, अपडेट लांबवायचे नाहीत. बॅटरी वाचवणं, मेमरी साफ करणं आणि व्हायरस मारणं सगळं एकदम करतो म्हणणारं ॲप घेऊ नका.

आयफोनवर एका ॲपला दुसऱ्याच्या आत डोकावता येत नाही, त्यामुळे ‘पूर्ण फोन स्कॅन’ हा दावाच तिथे खोटा. कॅलेंडरमध्ये ‘फोन बाधित’ अशा नोंदी येत असतील तर तुम्ही नकळत एखाद्या कॅलेंडरचं सदस्यत्व घेतलंय, ते काढलं की नोंदी जातात.

पेगॅसससारखं काही शोधून देणारं साधन सापडलंय. वापरू?

पेगॅसस हे फोनवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर. बातमीत गाजणाऱ्या अशा धोक्याच्या मागोमाग त्याचे नकली वैद्य येतात. २०२१ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या साइटची नक्कल करून ‘पेगॅससविरोधी’ प्रोग्रॅम वाटला जात होता, त्यातून सारवेंट नावाचं मालवेअर बसायचं. ॲम्नेस्टीचं खरं साधन एमव्हीटी नावाचं आहे. ते जाणकारांसाठी आहे, एका बटणावर चालत नाही.

घरातलीच किंवा जवळची व्यक्ती फोनवर पाळत ठेवत असल्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पाळतीचं ॲप घाईने काढू नका, काढल्याचं त्या व्यक्तीला कळू शकतं आणि धोका वाढू शकतो. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून आधी मदत मागा.

मी फसलो. डाउनलोड केलं, पैसेही भरले.

आधी बँकेला फोन करा, प्रोग्रॅम नंतर. कार्ड बंद करून घ्या, व्यवहारावर हरकत नोंदवा आणि ही वर्गणी पुढेही कापली जाऊ शकते हे त्यांना सांगा. तोतयाच्या ‘ग्राहक सेवे’ला फोन करून पैसे परत मागू नका, तिथे दुसरी फसवणूक वाट पाहत असते. परतावा देतो म्हणून समोरून फोन आला तरी तसंच.

मग संगणक इंटरनेटपासून तोडा. विंडोज सिक्युरिटीत स्कॅनच्या पर्यायांत डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आहे. तो संगणक पुन्हा सुरू करून विंडोज उघडण्याआधी तपासतो, त्यामुळे आत चालू असलेल्या तोतयाला अडथळा आणता येत नाही. टास्क मॅनेजर किंवा दुसरे प्रोग्रॅम उघडूच दिले जात नसतील तर सेफ मोडमधून (फक्त अत्यावश्यक गोष्टींसह विंडोज सुरू करून) प्रयत्न करा. कोणाला दूरवरून संगणकाचा ताबा दिला असेल तर तो रिमोट प्रोग्रॅमही काढा. अशा वेळी मी तर महत्त्वाच्या फायली बाजूला घेऊन विंडोज नव्याने बसवायचाच सल्ला देईन.

पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून. ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात.

पूर्वी सगळे ज्याची शिफारस करायचे तो प्रोग्रॅम आजही चांगला असेल का?

आपोआप नाही. कंपन्या विकल्या जातात, मालक बदलतात, जुनं नाव नव्या धंद्याला चिकटवलं जातं. उलटही होतं. स्पायवेअरचे अभ्यासक एरिक हाउज यांनी २००० च्या दशकात संशयित अँटी-स्पायवेअर प्रोग्रॅमची जी प्रसिद्ध यादी चालवली, तिच्यात शेकडो नावं होती आणि सुधारलेले काही प्रोग्रॅम त्यातून वगळलेही गेले. आज ती यादी बरीचशी इतिहासजमा आहे, कारण तोतये दर काही आठवड्यांनी नाव बदलायचे. त्यांचे निकष मात्र अजून कामाचे आहेत: खोटे इशारे देऊन खरेदीला भाग पाडणं, फसवी जाहिरात, दुसऱ्याच्या उत्पादनाची नक्कल, आणि निकृष्ट तपासणी.

आईवडिलांच्या संगणकावर काय करून ठेवू?

ब्राउझरमध्ये नोटिफिकेशनची विनंतीच येऊ नये अशी सेटिंग करा, एक चांगला जाहिरातरोधक बसवा आणि रोजच्या वापराचं खातं प्रशासकाचं ठेवू नका. ‘काही लाल दिसलं तर हात न लावता मला फोन कर’ असं सांगून ठेवा, आणि तसा फोन आला की रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते पडद्यावरच्या नंबरला फोन करतील.